भरलेल्या खुल्या कोळसा खाणींतील पाण्याचा प्रवास : वर्धा खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्रातील भूजलाचा विचार प्रामुख्याने काळ्या पाषाणाच्या संदर्भात झालेला आहे. रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुकसारख्या कोकणातील गावापासून देशावरील गावांपर्यंत विहिरीला लागणारे पाणी बेसाल्टच्या भेगांतून व झिजलेल्या थरांतून येते. वर्धा नदीचे खोरे मात्र याला अपवाद आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांच्या काही भागांत गोंडवाना काळातील वालुकाश्म, शेल व कोळसा यांचे थर एकावर एक रचलेले आहेत. त्यांतील कामठी वालुकाश्म हा पाणी साठविणारा महत्त्वाचा थर असून नागपूरजवळील कामठी या गावावरून त्याला हे नाव मिळाले. खुल्या खाणीत कोळशावरील असे थर फोडून बाजूला काढले जातात आणि कोळसा निघाल्यावर त्यांचाच चुरा खड्ड्यात परत टाकला जातो. या भरावातून पाणी कसे वाहते, या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. खाणीतील पाणी प्रथम शत्रू, नंतर सांडपाणी आणि शेवटी भूजल मानले गेले, असे या इतिहासाचे तीन टप्पे करता येतात.

उपशाचा काळ

वर्धा खोऱ्यातील कोळशाचा पद्धतशीर इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. वरोरा येथील सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली व १९०६ मध्ये बंद पडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे थिओडोर ह्यूजेस यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील खाणी भूमिगत होत्या. अशा खाणीत पाण्याविषयी विचारला जाणारा प्रश्न एकच होता, तो म्हणजे किती पाणी येते व ते बाहेर काढण्यास किती उपसा लागतो. १९५२ चा खाण अधिनियम व १९५७ चे कोळसा खाण विनियम यांतही पाण्याचा विचार मुख्यतः कामगारांच्या सुरक्षिततेच्या अंगाने झाला. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. ही भीती किती रास्त होती, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. तथापि या दृष्टीत बाहेर फेकलेल्या पाण्याचे आणि आटलेल्या विहिरींचे पुढे काय होते, याला स्थान नव्हते.

खुल्या खाणींचा विस्तार

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. पुढील दशकांत खुल्या खाणींचा वाटा वाढत गेला. उमरेड, घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, नीलजई ही नावे त्या विस्ताराची द्योतक आहेत. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात कार्यान्वित झाल्याने कोळशाची मागणीही वाढली. याच काळात १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९९४ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना आली. त्यामुळे खाणीचे पाणी हे तपासण्याजोगे सांडपाणी ठरले. हा निश्चितच पुढचा टप्पा होता. परंतु नमुना घेतला जाई तो नाल्यात सोडलेल्या पाण्याचा. जमिनीत मुरलेले पाणी त्या तपासणीच्या कक्षेत क्वचितच येत असे.

भरावातील पाण्याचे स्वरूप

मूळ खडकात थर अखंड असतात. पाणी वालुकाश्मातून आडवे सरकते व शेलच्या थरावर अडते. त्यामुळे फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये मांडलेल्या नियमाने त्याचा वेग बऱ्याच अंशी अजमावता येतो. भरावात ही रचना उरत नाही. उंचावरून माती व दगड ओतले असता मोठे दगड घरंगळत तळाशी जातात, तर बारीक माती वर राहते. परिणामी तळाशी पाण्याला मोकळी वाट मिळते आणि वरचा भाग यंत्रांच्या वजनाने दबून घट्ट होतो. एकाच भरावात काही पाणी दगडांमधील पोकळ्यांतून वेगाने धावते, तर काही चिकणमातीत दीर्घकाळ अडकून राहते. म्हणूनच एका निरीक्षण विहिरीचे माप शेजारच्या विहिरीला लागू पडेलच असे नाही.

दुसरी बाब पाण्याच्या गुणवत्तेची आहे. फोडलेल्या खडकाचे नवे पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येतात, त्यातील गंधकयुक्त खनिजांचे ऑक्सिडीकरण होते आणि उपसा थांबून पाणी चढू लागले की साठलेले क्षार त्यात उतरतात. गोंडवाना कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहून कमी असल्याने ईशान्य भारतातील खाणींइतकी आम्लता येथे सर्वत्र आढळत नाही. परंतु पाणी आम्ल नसणे म्हणजे ते पिण्यायोग्य असणे नव्हे. सल्फेट व जडपणा वाढू शकतो.

अन्य देशांतील अनुभव

इंग्लंडमधील नॉर्थम्बरलँड परगण्यात होर्सली येथे १९७० च्या दशकात उपसा थांबल्यावर भरावात पाणी चढले आणि कोरडा असताना स्थिर वाटणारा भराव खचला. अमेरिकेत १९७७ मध्ये खुल्या खाणींच्या पुनर्भरणाचा स्वतंत्र कायदा झाला. माँटाना राज्यात भरावातील पाण्याची पातळी व क्षारता यांची दीर्घकाळ नोंद ठेवण्यात आली, तर पेनसिल्व्हेनियात भरावातील मोकळ्या वाटा व आम्ल पाणी यांचा अभ्यास झाला. या सर्व अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. भराव म्हणजे जुनी जमीन परत मिळणे नव्हे, तो एक नवा व अपरिचित जलधारक थर होय.

वर्धा खोऱ्यापुढील प्रश्न

अलीकडील पर्यावरणीय मंजुऱ्यांत मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारी असे वर्षातून चार वेळा भूजल पातळी मोजण्याची अट सर्वसाधारणपणे आढळते. गावच्या विहिरींसाठी ही अट उपयुक्त आहे. परंतु एका जोरदार पावसानंतर भरावातील पातळी काही दिवसांत बदलू शकते. चार मापांत तो बदल निसटतो. शिवाय भराव पूर्ण झाल्यावरही शेवटी एक खड्डा उरतो. त्यात पाणी साठून तळे दिसते खरे; पण ते भोवतालच्या विहिरींना पाणी देते की त्यांचे पाणी ओढून घेते, हे पातळ्यांची तुलना केल्याशिवाय ठरविता येत नाही. भरावात वीज केंद्राची राख मिसळली जात असेल, तर पाण्याची वाट जाणून घेणे अधिकच अगत्याचे ठरते.

कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली व त्यासाठी निधी राखून ठेवण्याची व्यवस्था केली. हे पाऊल महत्त्वाचे होते. मात्र पाणी प्रशासनाच्या मुदतीने चालत नाही. भराव पुन्हा संपृक्त होण्यास कित्येक वर्षे, प्रसंगी दशके लागतात. ज्या शेतकऱ्याची विहीर खाण चालू असताना आटली, तिला पाणी परत येईल तेव्हा खाणीचे कार्यालय तेथे असेलच असे नाही. ते पाणी जनावरांना, पिकाला वा माणसाला चालेल का, याचे उत्तर देणारा कोणीतरी असणे आवश्यक आहे.

समारोप

वरोऱ्याच्या पहिल्या खाणीपासून आजपर्यंतचा हा प्रवास पाहता, पाण्याविषयीचे ज्ञान नेहमी उत्पादनाच्या गरजेमागून चालत आले, असे म्हणावे लागते. खाण चालू असताना उपसा मोजला गेला, कायदा आल्यावर नाल्यातील पाणी तपासले गेले. खाण संपल्यावरचे मापन मात्र कोणाच्याच उत्पादनाचा भाग नाही. म्हणून ते सार्वजनिक जबाबदारीचा भाग व्हावयास हवे. भरावातच निरीक्षण विहिरी घेणे, रंगद्रव्यासारखे निर्धोक पदार्थ सोडून पाण्याची वाट शोधणे आणि गावच्या विहिरींच्या नोंदी ग्रामपंचायतींना उपलब्ध करून देणे, ही कामे परिसरातील महाविद्यालयांच्या सहभागाने होऊ शकतात. कोळसा एकदाच निघतो. त्याच्या जागी आलेले पाणी मात्र पुढील पिढ्यांना वापरावयाचे आहे.