आयझॅक रोझेनबर्ग : उशिरा ओळखला गेलेला शिपाई-कवी

पहिल्या महायुद्धातले इंग्रजी कवी म्हटले की विल्फ्रेड ओवेन आणि सीगफ्रीड ससून ही नावं आधी आठवतात. आज आपण त्यांच्याच तोडीच्या, पण कमी ऐकलेल्या एका कवीबद्दल बोलणार आहोत : आयझॅक रोझेनबर्ग. तो मागे का राहिला, हा आजचा प्रश्न.

जन्म १८९० चा, ब्रिस्टलमधला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. वडील फेरीवाले, घरात बोली यिडिश. १८९७ मध्ये हे कुटुंब लंडनच्या ईस्ट एंड भागात, गरीब ज्यूंच्या वस्तीत आलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि आयझॅक छपाईचे ठसे कोरणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. पुढे काही सधन ज्यू स्त्रियांनी फी भरली, म्हणून स्लेड या नामवंत कलाशाळेत तो चित्रकला शिकला.

देशभक्तीच्या भरात तो सैन्यात गेला नाही. घरचे लोक युद्धाच्या विरोधातले, त्याचाही हिंसेला विरोध. पण काम मिळेना. शिपायाच्या पगारातला हिस्सा आईला मिळतो, हे कळल्यावर १९१५ मध्ये त्यानं घरी न सांगता नाव नोंदवलं. उंची कमी, म्हणून बुटक्या जवानांच्या 'बँटम' पलटणीत त्याला घेतलं. फुप्फुसं आधीच कमजोर होती.

इथे मुख्य फरक लक्षात घ्या. ओवेन आणि ससून अधिकारी होते. अधिकाऱ्याला हाताशी सेवक असे, रजाही जास्त वेळा मिळे. रोझेनबर्ग शेवटपर्यंत साधा शिपाई राहिला. काटेरी तारा वाहायच्या, खंदक खणायचे, आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या कागदाच्या तुकड्यावर लिहायचं. शिवाय ज्यू म्हणून सोबत्यांची हेटाळणी. तरीही आपली कविता युद्धाच्या स्वाधीन करायची नाही, असा त्याचा निश्चय होता.

१९१६ मधल्या त्याच्या प्रसिद्ध कवितेत पहाटेच्या खंदकात एक उंदीर येतो. तो इंग्रजांकडेही जातो, जर्मनांकडेही. त्याला सीमा नाही. ना शोकाचा सूर, ना शौर्याचा. तिरकस, शांत नजर आहे. हीच नजर त्या काळच्या रसिकांना खडबडीत वाटली. संपादक एडवर्ड मार्श त्याचा हितचिंतक, पण आपल्या गाजलेल्या संग्रहमालेत त्यानं रोझेनबर्गच्या नाटकातला एक छोटा उताराच घेतला.

१ एप्रिल १९१८ रोजी अरासजवळ तो मारला गेला. वय सत्तावीस. देहाची खात्रीनं ओळख पटली नाही. त्याच्या नावाच्या दगडावर डेव्हिडचा तारा आहे, आणि तो याच जागेजवळ पुरला आहे, एवढीच नोंद.

मग कविता वाचल्या कशा? तो कवितांचे कागद घरी पाठवी आणि बहीण अ‍ॅनी ते टंकलिखित करून जपून ठेवी. १९२२ मध्ये निवडक कविता आल्या, १९३७ मध्ये ससूनच्या प्रस्तावनेसह समग्र लेखन. १९७५ मध्ये एकाच वर्षी तीन चरित्रं निघाली. १९८५ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत सोळा युद्धकवींच्या नावांचा दगड बसवला, त्यात त्याचंही नाव आलं.

मंडळी, कीर्ती नुसत्या गुणावर ठरत नाही. लिहिणाऱ्याचा हुद्दा, ओळखीपाळखी आणि मागे कागद सांभाळणारं माणूस, यांवरही ती ठरते. पहिल्या दोन गोष्टी रोझेनबर्गकडे पुरेशा नव्हत्या. तिसरी होती, म्हणून आज तो आपल्याला वाचता येतो.