दिनविशेष : ९ फेब्रुवारी
बिडीच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या शाळा

गोंदिया शिक्षण संस्थेचे संस्थापक मनोहरभाई पटेल यांचा आज जन्मदिन (1906). जन्म गुजरातमधला; कर्मभूमी मात्र त्या वेळचा भंडारा जिल्हा. तेंदूपत्ता आणि बिडीच्या धंद्यात ते मोठे झाले. स्वतःच्या वाट्याला शिक्षण फारसे आले नव्हते. कदाचित म्हणूनच शाळेची किंमत त्यांना अधिक कळली असावी.

1958 साली गोंदियात संस्था सुरू झाली. धानाच्या आणि जंगलाच्या या मुलखात पुढचे शिक्षण म्हणजे नागपूर गाठणे, आणि ते किती घरांना परवडणार? संस्थेने शाळा-महाविद्यालये मुलांच्या जवळ आणली. गोंदियातल्या दोन नामवंत महाविद्यालयांच्या पाट्या पाहा : एक धोटे बंधूंच्या नावाची, दुसरी नटवरलाल माणिकलाल दलाल यांच्या. खासगी संस्था एकट्याच्या बळावर चालत नाही, याची ही उघड कबुलीच. पाटीवर जागा न मिळालेले, बिड्या वळणारे हजारो हातही या हिशेबात धरले पाहिजेत.

मनोहरभाई 17 ऑगस्ट 1970 रोजी गेले. त्यांची कर्मभूमी असलेला गोंदिया भाग भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला तो 1999 मध्ये. दरवर्षी मनोहरभाईंच्या जयंतीला गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात.

हाच धडा घेऊन गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या ज्या खासगी शाळा रौप्य वा सुवर्ण महोत्सवाच्या उंबरठ्यावर असतील, त्यांनी स्मरणिकेत पाहुण्यांच्या फोटोंआधी जागा देणाऱ्यांची, वर्गणी देणाऱ्यांची आणि बिनपगारी शिकवणाऱ्या गुरुजींची नावे छापावीत.