आत्मसंरक्षणाची मर्यादा आणि ज्यूरीची सचोटी : कोल्हापूर प्रकरणाच्या निमित्तानें

शिरोळ तालुक्यांतील जयसिंगपूर ही व्यापारपेठ शाहू छत्रपतींनीं आपले जनक पिते कागलकर जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नांवानें वसविली. जयसिंगराव हे १८८२ पासून कोल्हापूरचे रीजंट होते. त्यांच्या त्या काळाशीं दोन घटना निगडित आहेत. १८८२ सालीं मुंबई हायकोर्टांत ज्यूरीपुढें झालेला ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांच्या संपादकांवरील अब्रुनुकसानीचा खटला ही पहिली. आणि २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें चौथे शिवाजी महाराज यांचें झालेलें निधन ही दुसरी. पहिली टिळक-आगरकरांच्या चरित्रांत सांगितली जाते, दुसरी करवीरच्या इतिहासांत. त्या एकत्र ठेवून पाहिल्यास, आत्मसंरक्षणार्थ मनुष्यानें कोठवर जावें आणि तें ठरविणारांनीं कसें वागावें, हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असें आम्हांस वाटतें.

प्रथम खटला घेऊं. तरुण महाराजांस वेडे ठरविण्यासाठीं त्यांचा छळ चालला आहे, आणि त्यांत दिवाण माधवराव बर्वे यांचें अंग आहे, असा आरोप पुण्याच्या पत्रांनीं केला. बर्वे यांनीं फिर्याद केली. ज्या पत्रव्यवहारावर संपादक विसंबले होते तो कोर्टांत टिकला नाहीं. टिळक व आगरकर यांनीं माफी मागितली. तरीही त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. पैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले, आणि ती संख्या आगरकरांच्या पुस्तकाच्या नांवांतच राहिली आहे.

या निकालाचा अर्थ मात्र दोन्हीं बाजूंनीं भलताच लाविला गेला. सरकारपक्षीयांनीं म्हटलें, छळ झालाच नाहीं हें सिद्ध झालें. लोकपक्षीयांनीं म्हटलें, ज्यूरीनें सत्य दडपलें. वास्तविक ज्यूरीपुढें प्रश्न एवढाच होता कीं, बर्वे यांच्याविषयीं छापलेला मजकूर बदनामीकारक आहे काय, आणि तो पुरेशी खबरदारी घेऊन छापला होता काय. कायद्यांत ‘सद्भाव’ म्हणजे नुसती शुद्ध भावना नव्हे. योग्य काळजी व लक्ष यांवांचून केलेल्या कृत्यास दंडसंहितेच्या ५२ व्या कलमान्वयें सद्भाव म्हणतां येत नसे. महाराजांस कसें वागविलें जात होतें, हा प्रश्न ज्यूरीपुढें आलाच नव्हता. ज्यूरी कितीही प्रामाणिक असो, तिला जें विचारलें जातें त्याचेंच उत्तर ती देऊं शकते.

पुढच्याच वर्षीं तो न विचारलेला प्रश्न अहमदनगरास उभा राहिला. तेथें महाराजांच्या पहाऱ्यावर असलेला ग्रीन नांवाचा गोरा शिपाई व महाराज यांच्यांत झटापट झाली, आणि तींत विसाव्या वर्षीं महाराजांचा अंत झाला. लोकांत वाद माजला तो बहुतेक एकाच मुद्द्यावर : महाराज वेडे होते कीं शहाणे? कायद्याच्या दृष्टीनें पाहतां हा मुद्दा येथें गौण आहे. १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आलेल्या दंडसंहितेंत आत्मसंरक्षणाचा हक्क ९६ ते १०६ या कलमांत सांगितला होता. पैकीं ९८ वें कलम स्पष्ट म्हणतें कीं, हल्ला करणारा वेडा असला, आणि म्हणून स्वतः शिक्षेस अपात्र असला, तरी त्याच्याविरुद्ध हा हक्क शहाण्याविरुद्ध असतो तितकाच असतो. तितकाच, म्हणजे अधिकही नव्हे. ९९ व्या कलमान्वयें संरक्षणास अवश्य त्याहून अधिक इजा करतां येत नाहीं. आणि १०० व्या कलमान्वयें प्राण घेण्यापर्यंत जावयाचें तर मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीति, अथवा तेथें सांगितलेल्या दुसऱ्या घोर हल्ल्यांपैकीं एखादा, असावा लागतो. तेव्हां खरा प्रश्न असा : पहारेकऱ्यास कोणती भीति होती, ती वाजवी होती काय, आणि ताब्यांत दिलेल्या माणसास आवरण्याचा दुसरा मार्ग नव्हता काय? वेडाच्या वादांत हे तीन प्रश्न बुडून गेले.

या प्रश्नांचा विचार आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असें नव्हे. आततायीस मारण्याची मोकळीक स्मृतींनीं दिली आहे. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत तिला बांध घातला. ब्राह्मण आततायीच्या बाबतींत तो म्हणतो कीं, मारण्याचा हेतु न धरितां निवारण करीत असतां चुकून मृत्यु आला, तर राजदंड नाहीं व प्रायश्चित्तही अल्प. आज हा वर्णभेद कोणी मान्य करणार नाहीं. तथापि ‘निवारण’ आणि ‘वध’ यांतील भेद त्यानें ओळखला होता. याज्ञवल्क्यानें तर न्याय देणारांसही मोकळें सोडलें नाहीं. जे सभ्य प्रीतीनें, लोभानें वा भयानें विपरीत निर्णय देतील, त्यांस प्रत्येकीं वादाच्या दुप्पट दंड करावा असें तो सांगतो. मराठेशाहींतील गोतसभेच्या महजरांवर बसलेल्यांचीं नांवें येत, पाटलाचा नांगर खालीं उमटे. निर्णय कोणीं दिला हें कागदावर राहत असे. इंग्रजी ज्यूरीस यांपैकीं कांहींच नव्हतें. ती कारणें देत नसे, आणि तिच्या मताबद्दल तिला दंडही नसे. तिची सारी भिस्त शपथेवर होती.

ती भिस्त कोठवर टिकते, हें १८९७ च्या टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत दिसलें. शिवाजीनें अफजलखानास मारलें तें पाप काय, या विषयावर १२ जून रोजीं पुण्याच्या उत्सवांत झालेलीं भाषणें ‘केसरी’नें छापलीं होतीं, तींच भाषांतररूपानें ज्यूरीपुढें वाचलीं गेलीं. १६५९ मधील प्रतापगडच्या भेटींतील आत्मसंरक्षण जणु पुन्हां न्यायासनापुढें आलें. १४ सप्टेंबर रोजीं सहा युरोपीय ज्यूररांनीं ‘दोषी’ म्हटलें, तीन हिंदी ज्यूररांनीं ‘निर्दोषी’. त्या कोर्टांत सहांचें एकमत व न्यायाधीशाची संमति एवढें पुरेसें होतें. एक मत कमी पडतें तर दोषी ठरविणारा निकाल लागताच ना. या नऊ गृहस्थांपैकीं कोणीं लांच घेतला असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु मतें जर नेमकीं वर्णाप्रमाणें विभागलीं, तर सचोटी म्हणजे केवळ लांच न घेणें नव्हे, आपल्या जमातीचा कलही बाजूस ठेवणें होय, हें मानावें लागतें.

शेवटचें उदाहरण नानावटी खटल्याचें. २७ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईंत घडलेल्या या प्रकरणांतही बचाव झटापटीचाच होता : पिस्तुलासाठीं झोंबी झाली व गोळ्या अकस्मात् सुटल्या. मृताच्या कमरेचा टॉवेल जागचा ढळला नव्हता, याकडे फिर्यादी पक्षानें बोट दाखविलें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक अशा मतानें आरोपीस निर्दोषी ठरविलें. सेशन्स न्यायाधीशांनीं १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या ३०७ व्या कलमान्वयें तें अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें. मार्च १९६० मध्यें हायकोर्टानें शिक्षा दिली, व २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. या एका निकालानें भारतांतील ज्यूरी बुडाली असें सर्रास लिहिलें जातें. तें अपुरें आहे. विधि आयोगानें १९५८ सालींच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. १९७४ पासून अंमलांत आलेल्या कार्यपद्धतींत तिला स्थान उरलें नाहीं. शिवाय वरिष्ठ न्यायालयांस दोष दिसला तो केवळ ज्यूररांत नव्हे; अपवादाचा पुरावा देण्याचा भार आरोपीवर असतो इत्यादि गोष्टी त्यांस नीट समजावून दिल्या गेल्या नव्हत्या. १८८२ चाच धडा येथें पुन्हां मिळतो : प्रश्न चुकीचा मांडला गेला कीं प्रामाणिक उत्तरही निरुपयोगी होतें.

१ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आत्मसंरक्षणाचे नियम तींत ३४ ते ४४ या कलमांत जवळजवळ तसेच उतरले आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचें सर्किट बेंच कोल्हापुरांत बसतें, आणि जयसिंगपुरांतील झटापटीचें अपील आतां मुंबईस न जातां तेथेंच चालतें. ज्यूरी नाहीं, न्यायाधीश कारणें लिहून देतो. महजरावरील निशाणी एका अर्थानें परत आली आहे.

राहतां राहिलें अहमदनगरचें प्रकरण. त्या मृत्यूनंतर गादी रिकामी झाली, मार्च १८८४ मध्यें जयसिंगरावांचे पुत्र यशवंतराव दत्तक जाऊन शाहू छत्रपति झाले, आणि पुढें त्यांनीं पित्याच्या नांवें पेठ वसविली. यावरून कोणाच्या हेतूविषयीं तर्क लढविणें इतिहासास शोभणारें नाहीं. घटनेचा लाभ कोणास झाला हा पुरावा नव्हे. त्याचप्रमाणें महाराज वेडे होते एवढें म्हणून तो मृत्यु निकालांत काढणेंही शोभणारें नाहीं. ९८ वें कलम तशी सवड देत नाहीं. या प्रकरणाचे सरकारी व दरबारी कागद एकत्र छापावे, आणि ते वाचतांना वरील तीन प्रश्नच विचारावे, अशी आमची संशोधकांस विनंती आहे. इतिहासलेखक हाही एक सभ्यच आहे. त्यास दुप्पट दंड करणारा कोणी नाहीं, म्हणून प्रीति, लोभ व भय यांपासून त्यानें स्वतःच दूर राहिलें पाहिजे.