साष्टीच्या डोंगरवाटा

ज्युबिलीच्या या अंकासाठीं कांहीं ऐतिहासिक मजकूर लिहावा, अशी मंडळानें आम्हांस आज्ञा केली. धर्मगुरूंची परंपरा, देवळाचें बांधकाम, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या यांविषयीं आमच्याहून अधिक माहितगार बंधूंनीं या अंकांत लिहिलेंच आहे. आम्हांला उरलें तें त्या वह्यांच्या आधींचें. ज्या वाटांनीं आमच्या गांवांत सुवार्ता आली, त्या डोंगरांतल्या वाटा यंदा उपवासकाळांत आम्ही पायीं चाललों. सोबत पॅरिशमधले दहाबारा तरुण होते, आणि वयाच्या मानानें आम्हां सर्वांहून चपळ असे एक वृद्ध गृहस्थ. त्या दोन दिवसांचा हा वृत्तांत आहे.

साष्टी हें नांव 'षट्षष्टि', म्हणजे सहासष्ट गांवें, यावरून आलें असें सांगतात. या गांवांच्या मधोमध डोंगरांची रांग उत्तरदक्षिण पसरली आहे. आज तिचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें राखीव असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे. भोंवतीं एवढें अफाट शहर वाढलें असतां मध्यें बिबळ्या अजून फिरतो, हें परगांवच्या पाहुण्यास सांगितलें तर तो आमच्या तोंडाकडे पाहत राहतो. आगगाडी येण्यापूर्वीं एका गांवाहून दुसऱ्या गांवास जायचें तर खाडींत होडी, नाहींतर डोंगराच्या कडेकडेनें पायवाट. साधु, व्यापारी, शिपाई, सर्वांना तीच वाट.

आम्हीं आरंभ मंडपेश्वरापासून केला. बोरिवलीच्या पश्चिमेस, चारी बाजूंनीं उंच इमारतींनीं वेढलेलें हें शंकराचें देवस्थान इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कातळांत कोरलेलें आहे. आंत अंधारांत डोळे स्थिरावले म्हणजे नृत्य करणारा शिव दिसूं लागतो; हात तुटलेले, मुख झिजलेलें, परंतु अंगाचा तोल अजून जशाचा तसा. इ. स. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें वसई व साष्टी पोर्तुगीजांस दिली, आणि त्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो या भागांत आले. गुंफेचें त्यांनीं देऊळ केलें व तें पियेदादच्या पवित्र मातेस अर्पण केलें. माथ्यावर मठ व विद्यालय उभें राहिलें. त्याच्या भिंती आज छपरावांचून उभ्या आहेत. कोरीव मूर्तींपैकीं कांहीं भिंतीआड गेल्या, कांहींवर चुना चढला. एका कातळभिंतीवर क्रूस कोरण्यांत आला. तो अजून दिसतो.

त्या क्रूसासमोर आम्ही गुडघे टेकले. प्रार्थना संपली तेव्हां बारावींतला एक मुलगा म्हणाला, "फादर, आपल्या आधीं येथें जे होते, त्यांना कोणी विचारलें होतें का?"

आम्ही सेमिनरींत शिकत होतों त्या वेळीं या प्रकरणाचा निकाल एका वाक्यांत लागे: अमुक सालीं गुंफेचें देऊळ झालें. तें कोणीं केलें हें त्या वाक्यांत नसे, आणि ज्यांचें गेलें तेही नसत. मुलास आम्हीं खरें तें सांगितलें. कोणीं विचारलें नाहीं. तेथें राहणारे जोगी तें स्थान सोडून गेले, असें पोर्तुगीज बखरकार दियोगो दो कौतो यानेंच लिहून ठेविलें आहे. आणि देवस्थानाचें जें उत्पन्न होतें तें राजाच्या आज्ञेनें मिशनकडे वळविण्यांत आलें. त्याच उत्पन्नावर नवख्रिस्ती घरांतलीं मुलें त्या विद्यालयांत अक्षर गिरवूं लागलीं. त्यांपैकीं कोणी आमचे पूर्वज असतील. फादर आंतोनियो हे स्वतः अकिंचन, संघाच्या नियमाप्रमाणें पायीं फिरणारे साधु होते, यांत संशय नाहीं. परंतु साधूच्या हातूनही दुसऱ्याचें घर घेतलें जाऊं शकतें, आणि ज्युबिलीच्या अंकांत हें लिहूं नये असें कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशीं सहमत नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं. बाहेर पडतांना शिवाच्या मूर्तीसमोर तो क्षणभर थांबला, एवढें आम्हीं पाहिलें.

मंडपेश्वराहून कान्हेरीकडे जायचें तर जुनी पाऊलवाट आतां सांपडणें नाहीं. प्रथम लोहमार्ग, मग द्रुतगति महामार्ग ओलांडून उद्यानाच्या दरवाजांत शिरावें लागतें. तेथून लेण्यांपर्यंत सुमारें ६ किलोमीटर रस्ता आहे. बसही जाते, परंतु आम्हीं ती सोडली. पळस फुलला होता. वाटेंत पाड्यावरच्या बायका काकड्या घेऊन बसल्या होत्या. वृद्ध गृहस्थांनीं भाव न करतां दोन डझन घेतल्या, आणि तरुणांनीं त्या चढ सुरू होण्यापूर्वींच संपविल्या.

कान्हेरी म्हणजे शिलालेखांतला कृष्णगिरि. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकापासून सुमारें दहाव्या शतकापर्यंत बौद्ध भिक्षूंनीं येथें शंभराहून अधिक लेणीं कोरलीं. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरींत दोन्ही बाजूंस बुद्धाच्या सुमारें २२ फूट उंचीच्या मूर्ति उभ्या आहेत. परंतु आम्ही अधिक वेळ रमलों तो पाण्यापाशीं. डोंगराच्या उघड्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचें पाणी त्यांतून वाहत प्रत्येक लेण्याच्या दाराशीं असलेल्या टाक्यांत पडतें. शिलालेखांत या टाक्यास 'पोढी' असा शब्द आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडा कातळ अशा ठिकाणीं शेंकडों भिक्षु कसे राहिले, याचें उत्तर त्या पन्हळींत आहे. आमच्या गांवांतल्या विहिरी एप्रिलांत तळ दाखवितात, हें लिहितांना थोडी लाज वाटते.

लेणीं व टाकीं खोदण्यास धन कोणीं दिलें तेंही दगडावर लिहिलें आहे: कोणी कल्याणचा व्यापारी, कोणी सोपाऱ्याचा, कोणी भिक्षुणी. सोपारा म्हणजे आपल्या वसई तालुक्यांतलें नालासोपारें. आमच्या देवळांतल्या बांकांवर दात्यांचीं नांवें रंगवावींत कीं न रंगवावींत, यावर गेल्या वर्षीं जी चर्चा झाली ती वाचकांच्या स्मरणांत असेलच. ती चर्चा येथें दोन हजार वर्षांपूर्वींच निकालांत निघालेली दिसली, आणि निकाल रंगविण्याच्या बाजूनें लागलेला दिसला. पुढें ९० क्रमांकाच्या लेण्यांत पहलवी लिपींतले लेख आहेत. इ. स. १००९ व १०२१ मध्यें जरथुश्त्री यात्रेकरू हें स्थान पाहण्यास आले आणि आपलीं नांवें व तारीख लिहून गेले. पाहिलें, आणि जसें होतें तसें सोडून परत गेले.

मग आमचे फ्रान्सिस्कन आले. कान्हेरीच्या एका लेण्यांत त्यांनीं संत मिखाएलाचें देऊळ केलें. याच फादर आंतोनियोंची एक कथा कौतोनें दिली आहे, ती तरुणांना फार आवडली. या डोंगराच्या पोटांत एक भुयार असून त्याचा अंत कोणास लागला नाहीं, असें लोक सांगत. फादरांनीं त्याचा शोध घेण्याचें ठरविलें. वीस माणसें, शस्त्रें, मशाली, पाणी, अन्न आणि दोराचीं ओझीं घेऊन ते निघाले. तोंडाशीं एका मोठ्या दगडास दोराचें टोंक बांधलें आणि आंत शिरले. सात दिवस चालले म्हणतात. दोहों बाजूंस खोल्या, जागोजाग टाकीं. अंत लागला नाहीं, शिधा संपूं लागला आणि ते दोराच्या आधारानें परत आले. आम्हीं तो डोंगर एका दुपारींत बराचसा पालथा घातला. सात दिवस चालण्याइतकी जागा त्याच्या पोटांत नाहीं. परंतु वसईच्या बाजूनें पायीं आलेल्या, वय झालेल्या साधूला या लेण्यांचा अंत लागला नाहीं असें वाटलें असेल, तर त्यांत आश्चर्य नाहीं. आमच्यापैकीं दोघे तरुण संध्याकाळीं वाट चुकून अर्धा तास सांपडले नाहींत, आणि त्यांच्यापाशीं दोर नव्हता.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें वसईचा किल्ला उतरला. मंडपेश्वराचें विद्यालय बंद पडलें आणि गुंफेंत पुन्हां शिवाची पूजा होऊं लागली. पोर्तुगीज निघून गेले. आमचे गांवकरी राहिले. या काळाविषयीं आमच्या घरांतून जें बोललें जातें त्यांत भय अधिक आहे. म्हणून एक गोष्ट मुद्दाम नमूद करतों. १७६० मध्यें आंकेतिल द्यु पेरों नांवाचा फ्रेंच विद्वान साष्टींतून गेला. कान्हेरीचीं लेणीं त्यानें पाहिलीं, आणि मराठ्यांच्याच अमलांत ठाण्यास ख्रिस्ती लोक मोठ्या समुदायानें सण साजरा करीत आहेत हेंही पाहिलें. ज्यांचें देवस्थान आमच्या साधूंनीं घेतलें होतें त्यांच्याच राज्यांत आमचें फेस्त होत होतें.

कान्हेरीहून दक्षिणेस तुळशी व विहार या तलावांच्या बाजूनें उतरण्याची मोकळीक आज नाहीं. विहार १८६० मध्यें आणि तुळशी १८७९ मध्यें बांधून झाला; भोंवतालचें रान वनखात्याच्या ताब्यांत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही बसनें वळसा घालून मरोळास गेलों. तेथें कोंडिवट्यास, निर्यातीच्या कारखान्यांच्या आवारांत, संत योहान बाप्तिस्ता याचें देऊळ आहे. १५७९ मध्यें येशूसंघीयांनीं तें बांधलें. १८४० च्या सांथीनंतर गांव उठलें, आणि देवळास वड-पिंपळानें मिठी मारली. छप्पर नाहीं, वेदीवर ऊन पडतें. मे महिन्यांत वर्षांतून एक दिवस तेथें मिस्सा होते आणि दूरदूरचे लोक येतात.

आमच्या सोबतच्या वृद्ध गृहस्थांचें मूळ घराणें याच गांवचें. त्यांनीं भिंतीवर हात ठेविला आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग तरुणांना घेऊन ते जवळच्या महाकाली गुंफांकडे निघाले. तींही बौद्ध भिक्षूंचींच लेणीं, संख्येनें एकोणीस. एका लेण्याच्या ओसरींत ते खालीं बसले. लहानपणीं मे महिन्याची मिस्सा संपली कीं त्यांची आजी सर्व मुलांना येथें सावलीस आणी, येथेंच फडकें सोडी आणि तांदळाची भाकरी व सुक्या बोंबलाची चटणी वाढी, असें त्यांनीं सांगितलें. टाक्यांतलें पाणी तेव्हां पितां येत असे.