आपला प्रश्न, परगावचं टेबल

साल १९५४. नांदेडहून मीटरगेज गाडी धरून तुम्ही काचीगुड्याला उतरता. खिशात हैदराबादी हाळी आणि भारतीय कलदार अशी दोन्ही नाणी आहेत. सात हाळीचे सहा कलदार, हा हिशेब टांगेवाल्यालाही तोंडपाठ. तुम्ही पीपल्स कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं १९५० साली निघालेलं हे कॉलेज अजून उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेलं आहे. कागद हलवायचा तर हैदराबाद गाठावंच लागतं.

आर्ट्स कॉलेजच्या उंच कमानीखालून आत या. इथं अली मोहम्मद खुस्रो नावाचा तिशीच्या आतला अर्थशास्त्रज्ञ मोठ्या पाहणीत गढलेला आहे. हेच खुस्रो पुढं अकराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष होतील. पाहणीला पैसा दिल्लीचा, नियोजन आयोगाच्या संशोधन कार्यक्रम समितीचा. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सामाजिक, आर्थिक आणि प्रशासकीय प्रश्नांच्या अभ्यासासाठी ५० लाख रुपये राखून ठेवलेत. विद्यापीठं आणि संस्थांना हाताशी धरून ते खर्चायचे. इथला प्रश्न असा: जहागिरी गेल्या, १९५० चा कूळकायदा आला, मग जमीन कुणाकडं राहिली?

पाहणीवाल्यांबरोबर एखाद्या माजी जहागिरीच्या गावात जाऊन बसा. पटवारी दप्तर सोडतो. खासरा पाहणी पत्रकात नाव एकाचं, पट्टा दुसऱ्याचा, औत धरणारा तिसराच. कुळाला विचारा, जमीन का सोडलीस? तो आधी ओट्यावर बसलेल्या मालकाकडं बघतो, मग म्हणतो, "राजीखुशीनं सोडली, साहेब." तुम्ही रकान्यात तेच लिहिता. लिहिताना हात अडखळतो, पण रकान्याला डोळे नसतात.

तरीही या रकान्यांची बेरीज बोलते. १९५१ मध्ये ज्यांना संरक्षित कूळ ठरवलं, त्यांतली शंभरातली जेमतेम ४५ तीन-चार वर्षांनी त्या हक्कावर टिकून होती. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली. २२ जणांना बेकायदा हुसकावलं होतं आणि १७ च्या आसपास 'राजीखुशी'वाले. कायदा झाला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याच्या टेबलावर ही बेरीज ठेवायला हवी होती. पण पुस्तक उस्मानियातून निघालं १९५८ साली. तोवर १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन नांदेड मुंबई राज्यात आलेलं. ज्या राज्याचा अभ्यास केला, ते राज्यच नकाशावर उरलं नाही!

पुस्तकाच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९५८ ला, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू होतं. तुमची गाडी आता उलट्या दिशेला धावते. कागदाला मराठी गाव मिळालं, एवढाच फरक. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत पुढं ज्या कॉलेजात शिकवेल, तिथं विचारांची वानवा नाही. पण विचाराला अनुदान लागत नाही. घरोघर फिरून मोजायला लागतं.

१९६९ कडं भर्रकन पुढं या. व्ही. के. आर. व्ही. राव समितीच्या शिफारशीवरून दिल्लीत भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन होते. अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. पैसा सरकारचा, पण निवड अभ्यासकांची, ही घडण चांगलीच. टेबलावर दोन थोर मराठी माणसं बसली म्हणून नांदेडचा प्रश्न आपोआप वर येतो, असं मात्र तुम्हाला दिसत नाही. अर्ज इंग्रजीत, प्रस्तावाची धाटणी ठरलेली, आणि ती शिकवणारं तालुक्याच्या कॉलेजात कुणी नाही.

आता १९८४. लातूर जिल्हा होऊन दोनच वर्षं झालीत. वि. म. दांडेकर समितीचा अहवाल तुमच्या हाती पडतो. हेच दांडेकर पन्नाशीच्या दशकात मुंबई कूळकायद्याच्या पाहणीवर होते. रस्ते, सिंचन, शाळा, विजेचे पंप असं एकेक मोजून समितीनं राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटींवर काढलाय, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटींचा. आकडा आल्यावर मुंबईला उत्तर देणं भाग पडतं. माझ्या मते मराठवाड्याच्या राजकारणात भाषणांपेक्षा या एका मोजणीनं जास्त काम केलं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. इथं तुम्हाला फार वेळ उभं करत नाही. फॉर्म घेऊन बाहेरून येणाऱ्यांची रीघ तेवढी बघा; तीच माहिती गावकरी पुन्हा पुन्हा सांगताहेत, आणि त्यावरचे जाडजूड अहवाल गावात वाचायला मिळणार नाहीत.

वर्षभरात, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वतःचं विद्यापीठ मिळतं. स्वामी रामानंद तीर्थांचंच नाव, पहिले कुलगुरू लातूरचे जनार्दन वाघमारे. विष्णुपुरीच्या माळावर संकुलं उभी राहतात, लातूरला उपपरिसर होतो. टेबल घरी आलं. थैली? ती दिल्लीतच. अकराव्या योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाचा लघुप्रकल्प विज्ञानाला दोन लाखांपर्यंत मिळतो, सामाजिक शास्त्रांना दीड लाखापर्यंत. जणू माणसं मोजायला एसटीचं तिकीट पुरतं! मग हप्ता, पावत्या, सनदी लेखापालाची सही, उपयोगिता प्रमाणपत्र. दीड लाखाचा हिशेब लावताना प्राध्यापकाची अर्धी उमेद तिथंच संपते.

२०१७ चा मार्च बघा. १ तारखेला नवा विद्यापीठ कायदा लागू झाला, त्यात विद्यापीठाला संशोधन मंडळ मिळालं. ३१ तारखेला बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि तिच्याबरोबर आयोगाच्या जुन्या प्रकल्पांचं पर्वही. मंडळ आलं, त्याच महिन्यात झरा आटला. म्हणजे आता विद्यापीठानं स्वतःच्या तिजोरीतून देणं आलं.

विषयांची कमी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातुरात ऊस कुणाच्या विहिरीवर उभा होता? 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांसाठी किती घरांनी शेत गहाण टाकलं? हे प्रश्न दिल्लीच्या टेबलाला सुचणार नाहीत, सुचावेत अशी अपेक्षाही नको.

तेव्हा एवढं करा. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढं येतो. तुमच्या ओळखीच्या अधिसभा सदस्याला बैठकीआधी गाठा आणि दोन गोष्टी विचारायला लावा: संशोधनाच्या तरतुदीतले किती रुपये सामाजिक शास्त्रांना गेले, आणि त्या पैशातून झालेले अहवाल मराठीत कुठं वाचायला मिळतील?