तीन फायलींचा खटला

जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून काहीतरी फुकटचं घालावं असं मनात आलं, की चर्चा ‘उबुंटू की मिंट’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. दोन्ही लिनक्सच. युनिक्सच्या घराण्यातली बीएसडी ही खरं तर थोरली पाती, पण तिचं नावही निघत नाही. याला तंत्रापेक्षा अमेरिकेतला एक कोर्टकज्जा जास्त कारणीभूत आहे.

युनिक्स जन्मलं १९६९ मध्ये, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत. सरकारशी १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून विद्यापीठांना ते सोर्स कोडसकट किरकोळ शुल्कात मिळे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बिल जॉय या विद्यार्थ्यानं १९७८ च्या सुमारास आपल्या सुधारणांच्या टेप वाटायला सुरुवात केली. हेच बीएसडी. इंटरनेट ज्यावर चालतं ते टीसीपी/आयपी १९८३ मध्ये त्यात आलं.

पुढे कंपनीवरचं बंधन सुटलं आणि परवान्याचे दर चढत गेले. तेव्हा बर्कलीच्या कीथ बॉस्टिकनं एक अचाट घाट घातला: एटी अँड टीचा कोड वेचून काढायचा आणि एकेक प्रोग्राम लोकांकडून नव्यानं लिहून घ्यायचा. मोबदला काय, तर यादीत नाव. तेवढ्यावर लोकांनी शेकडो प्रोग्राम लिहून दिले! १९९१ पर्यंत कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या, जेमतेम सहा फायली उरल्या. त्यांची जागा बिल जॉलिट्झनं भरून काढली आणि १९९२ मध्ये ‘३८६बीएसडी’ घरच्या पीसीवर चालू लागलं.

त्याच वर्षी एटी अँड टीच्या उपकंपनीनं दावा लावला. बीएसडीआय नावाची एक छोटी कंपनी याच कोडवर धंदा करत होती, आणि तिच्या फुकट फोन नंबरची अक्षरं जुळवली की ‘इट्स युनिक्स’ असं वाचता येई. म्हणजे कुरापतही काढलेली होतीच. विद्यापीठही त्यात ओढलं गेलं, त्यानं उलट दावा ठोकला. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फायलींतून काढाव्या लागल्या फक्त तीन. डोंगर पोखरून उंदीर निघाला, पण मधली दोन वर्षं गेली ती गेलीच.

त्याआधीच, १९९१ मध्ये, हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्सनं स्वतःच्या ३८६ पीसीसाठी कर्नल लिहायला घेतलं होतं. रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाची हत्यारं तयार होती, कर्नलचाच पत्ता नव्हता. दोन्हींची मोट बांधली गेली. खटल्याची धास्ती नको म्हणून अनेक जण इकडे वळले. ३८६बीएसडी आधी मिळालं असतं तर लिनक्स बहुधा जन्मलंच नसतं, हे खुद्द टॉरव्हाल्ड्सनं सांगितलंय. लिनक्सच्या कुळातली स्लॅकवेअर, डेबियन आणि बीएसडीच्या कुळातली नेटबीएसडी, फ्रीबीएसडी ही सगळी भावंडं १९९३ चीच; पण फ्रीबीएसडीला तडजोडीनंतर नव्या पायावर पुन्हा उभं राहावं लागलं. आपल्याकडे पुढे पीसीक्वेस्ट मासिकासोबतच्या सीडीवरून लिनक्स घरांत शिरू लागलं.

कुळातला फरक आजही बोटांना जाणवतो. लिनक्सवर ‘एलएस’ टाइप करून आधी फाइलचं नाव आणि मग ‘उणे एल’ दिलं तरी चालतं. फ्रीबीएसडी मात्र ‘उणे एल’ अशी फाइलच नाही म्हणून मोकळं होतं! तिथे कर्नल आणि मूळ हत्यारं एकाच चमूच्या हातची असतात आणि सोबतचं हँडबुक खरोखर वाचण्यासारखं आहे. लिनक्समध्ये कर्नल एकाचं, हत्यारं दुसऱ्याची, बांधणी तिसऱ्याची.

तरी मला कोणी विचारलं तर घरच्या लॅपटॉपला मी मिंटच सुचवतो. गर्दी लिनक्सकडे गेली, तिच्यामागून वायफायचे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हरही गेले. घरात जादाचा पीसी असेल आणि हँडबुक वाचायची तयारी असेल, तर त्यावर फ्रीबीएसडी घालावं.