विद्यापीठ-कलासंग्रहालयाचे संचालन

विद्यापीठाच्या मालकीच्या कलासंग्रहाची निगा राखणे, त्यात भर घालणे आणि तो अध्यापनाच्या कामी लावणे, असे या कामाचे तीन भाग आहेत. पहिले दोन कोणत्याही मोठ्या शहरी संग्रहालयाच्या संचालकाला चुकत नाहीत. तिसऱ्यामुळे मात्र आधीच्या दोन्हींचे हिशेब बदलतात. एखादे चित्र चांगले आहे की नाही, एवढ्यावर इथे भागत नाही. त्यावरून शिकवता काय येईल, हेही पाहावे लागते. म्हणून अर्धवट सोडलेले रेखाटन, चुकीच्या डागडुजीने बिघडलेली मूर्ती, फार काय उघडकीस आलेली नक्कलसुद्धा अशा संग्रहात मानाने राहते.

या परंपरेचा आरंभ ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयापासून धरतात. इलायस ॲशमोल याने दिलेल्या वस्तूंसाठी बांधलेली इमारत १६८३ मध्ये खुली झाली. तळघरात रसायनशाळा, मधल्या मजल्यावर व्याख्यानाची जागा आणि वर संग्रह, अशी तिची रचना होती. पहिला अभिरक्षक रॉबर्ट प्लॉट हाच विद्यापीठातला रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापकही होता. सांभाळणारा आणि शिकवणारा एकच, ही प्रथा अशी मुळातली आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाचे कलादालन १८३२ मध्ये सुरू झाले, ते एका चित्रकाराच्या म्हातारपणाच्या विवंचनेतून. जॉन ट्रम्बुल याने आपली शंभरेक चित्रे वर्षाला हजार डॉलरच्या तहहयात वेतनाच्या बदल्यात विद्यापीठाला दिली, इमारतीचा आराखडा स्वतःच काढला आणि आपले दफन चित्रांच्या खालीच व्हावे अशी इच्छा ठेवली. चित्रे नव्या इमारतीत हलली तेव्हा ट्रम्बुलचे अवशेषही हलवावे लागले. देणगीदाराच्या अटी सांभाळणे हा संचालकाच्या कामाचा केवढा मोठा भाग असतो, याचा याहून ठसठशीत दाखला सापडणे कठीण.

आज या पदाची जी घडण दिसते, ती मुख्यतः हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात झाली. विल्यम हेज फॉग यांच्या विधवा पत्नीच्या देणगीतून ते १८९५ मध्ये उघडले. सुरुवातीला तिथे होते ते बहुतांशी प्लास्टरचे साचे आणि छायाचित्रे. एडवर्ड वॉल्डो फोर्ब्स १९०९ मध्ये संचालक झाले तेव्हाची इमारत त्यांनी पुढे वर्णन केली आहे ती अशी की, व्याख्यानगृहात ऐकू येत नसे, दालनात दिसत नसे, कामाच्या खोल्यांत काम होत नसे आणि छप्पर गळत असे. अमेरिकी विचारवंत इमर्सनचा नातू असलेले फोर्ब्स १९४४ पर्यंत त्या पदावर राहिले.

फोर्ब्स यांनी तरुणपणी इटालियन चित्रे विकत घेतली होती. त्यांतली काही डोळ्यांदेखत खराब होऊ लागली, तेव्हा चित्र कशाचे बनलेले असते याचा ध्यास त्यांना लागला. ते जगभरातून रंगद्रव्ये गोळा करू लागले. आज त्या संचयात अडीच हजारांहून अधिक नमुने आहेत. आपल्याकडून गेलेला ‘इंडियन यलो’ त्यात आहे आणि इजिप्तच्या ममींपासून केलेला तपकिरी रंगही आहे. इटालियन चित्रपद्धतीवरच्या त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना अंड्याच्या बलकात रंग कालवून, ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र काढून पाहावे लागे. पोरांनी त्या वर्गाला ‘अंडी आणि गिलावा’ असेच नाव पाडले होते. १९२५ पासून तिथे चित्रांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली जाऊ लागली आणि १९२८ मध्ये तांत्रिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. जॉर्ज स्टाउट हे जतनतज्ज्ञ आणि रदरफर्ड गेटन्स हे रसायनतज्ज्ञ तिथे एका छताखाली काम करीत. रंगद्रव्यांच्या त्या नमुन्यांचा उपयोग पुढे ऐंशी वर्षांनीही झाला. जॅक्सन पोलॉकची म्हणून पुढे आलेली तीन चित्रे हार्वर्डमध्ये तपासली गेली, आणि त्यांतली काही द्रव्ये पोलॉकच्या मृत्यूनंतरच, म्हणजे १९५६ नंतरच, बाजारात आल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले.

फोर्ब्स यांना साथीदार मिळाला तो वॉल स्ट्रीटवरचा. पॉल सॅक्स हे गोल्डमन सॅक्स पेढीच्या घराण्यातले. पेढी सोडून १९१५ मध्ये ते फॉगमध्ये साहाय्यक संचालक म्हणून आले. १९२१ मध्ये त्यांनी सुरू केलेला ‘संग्रहालयाचे काम आणि संग्रहालयाच्या समस्या’ हा अभ्यासक्रम १९४८ पर्यंत चालला. निम्मा वर्ग त्यांच्या ‘शेडी हिल’ या घरीच भरे. ते एखादी वस्तू विद्यार्थ्याच्या हातात ठेवत आणि मत विचारत. पुस्तकातले ज्ञान तिथे फारसे उपयोगी पडत नसे. त्याच वर्गात अंदाजपत्रक, विमा, प्रकाशयोजना, चित्रांची उंची आणि श्रीमंत संग्राहकांशी बोलावे कसे, हेही येई. सॅक्स स्वतः बुटके होते, त्यामुळे त्यांचे विद्यार्थी पुढे देशभर चित्रे जरा खालीच लावत, अशी आख्यायिका अमेरिकी संग्रहालयवाले सांगतात.

विद्यार्थ्यांची यादी पाहिली की या वर्गाचे वजन कळते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हे त्यातलेच. १९२९ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांना ती जागा मिळाली, ती सॅक्स यांच्याच शिफारशीने. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे जेम्स रोरिमर आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दालनाचे जॉन वॉकर हेही तिथलेच. पण फॉगची भिंत नव्या कलेपुढे अडत असे. तेव्हा लिंकन कर्स्टीन, एडवर्ड वॉरबर्ग आणि वॉकर या विद्यार्थ्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःची समकालीन कलेची सोसायटी काढली आणि शिल्पकार काल्डर आणि वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना तिथे आणले. फोर्ब्स आणि सॅक्स यांनी तिच्या विश्वस्तांत आपली नावे दिली. संस्थेला जे जमत नाही ते मुलांना करू द्यायचे आणि वर आपल्या नावाची ढाल द्यायची, हा गुण फार थोड्या संचालकांत असतो.

याच कथेची दुसरी बाजू ॲग्नेस मोंगन यांची. १९२८ मध्ये सॅक्स यांच्या रेखाटनांची सूची करायला त्या आल्या. १९४० ची गाजलेली सूची दोघांच्या नावे निघाली. तरीही अभिरक्षक हा हुद्दा त्यांना १९४७ पर्यंत मिळाला नाही. बाईला तो देण्याची हार्वर्डची तयारी नव्हती. काम तेच, पाटी मात्र वेगळी, असा हा प्रकार जवळजवळ दोन दशके चालला. संचालकपद त्यांच्याकडे आले ते १९६९ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर.

रोजच्या कामात या संचालकाला अनेक धनी असतात. कुलगुरू किंवा प्रोव्होस्ट, देणगीदार, सल्लागार मंडळ, कलेतिहासाचे प्राध्यापक, आणि आपला विषय कलेचा नाही असे समजणारे बाकीचे सगळे विभाग. त्यातला शेवटचा गट सर्वांत महत्त्वाचा. १९९० पासून मेलन प्रतिष्ठानने अमेरिकेतल्या विद्यापीठ-संग्रहालयांना मोठे अनुदान दिले, ते याच गटाला दालनात आणण्यासाठी. त्यातून अध्यापनाचा स्वतंत्र अभिरक्षक नेमण्याची पद्धत रुजली. वैद्यकाचे विद्यार्थी चित्रासमोर उभे राहून निरीक्षण शिकतात, रसायनवाले रंगाचा थर तपासतात, कायद्याचे विद्यार्थी मालकीची कागदपत्रे चाळतात. ओहायोतल्या ओबर्लिन महाविद्यालयात तर १९४० पासून मूळ चित्रे विद्यार्थ्यांना खोलीत लावायला भाड्याने मिळतात. सत्राला ५ डॉलर भाडे असते, आणि पिकासो मिळावा म्हणून पोरे आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. ही कल्पना एलन जॉन्सन या प्राध्यापिकेची.

आता धोक्याची गोष्ट. कलाकृती वापरायच्या म्हटल्या की झीज आलीच. हार्वर्डने मार्क रॉथको याच्याकडून पाच भित्तिचित्रे करून घेतली आणि १९६४ मध्ये ती उंच काचांच्या एका भोजनगृहात लावली. उन्हाने त्यांतला लिथॉल रेड हा लाल रंग विटला. चित्रे किरमिजीवरून फिकट निळसर झाली आणि १९७९ पर्यंत सगळी भांडारात गेली. २०१४ मध्ये जतनतज्ज्ञांनी त्यांच्यावर ब्रश न चालवता प्रक्षेपकातून हिशेबी रंगीत प्रकाश टाकून मूळ रंग दाखवले. रोज दुपारी ४ वाजता प्रकाश बंद केला जाई आणि विटलेली चित्रे उघडी पडत. चूक झाकण्याऐवजी तिचा धडा करणे, हे विद्यापीठाच्या संग्रहालयालाच शोभते.

ऊन परवडले, पण विश्वस्तांची तंगी परवडत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठाचे रोझ कलासंग्रहालय १९६१ मध्ये उघडले. पहिले संचालक सॅम हंटर यांना ५०,००० डॉलरची देणगी मिळाली होती. कोणत्याही चित्राला ५,००० पेक्षा जास्त द्यायचे नाहीत, असे ठरवून त्यांनी २१ कामे घेतली. वॉरहॉल, जॉन्स, रॉशेनबर्ग, लिक्टेन्स्टाइन ही नावे तेव्हा स्वस्त होती. डोळा आणि धाडस असले की थोड्या पैशांत काय होते, हे पुढे सिद्ध झाले. संग्रहाची किंमत सुमारे ३५ कोटी डॉलरवर गेली, आणि तीच त्याच्या मुळावर आली. आर्थिक मंदीत विद्यापीठाची गंगाजळी आटली, तेव्हा २६ जानेवारी २००९ रोजी विश्वस्तांनी संग्रहालय बंद करून संग्रह विकण्याचा ठराव केला. संचालक मायकेल रश यांना त्याची आधी कल्पनाही दिलेली नव्हती. ते उघडपणे विरोधात उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. पाठीराख्यांनी भरलेला खटला २०११ मध्ये तडजोडीने मिटला, संग्रहालय वाचले. व्हर्जिनियातल्या रँडॉल्फ महाविद्यालयाने मात्र जॉर्ज बेलोज याचे गोदी-कामगारांचे प्रसिद्ध चित्र २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला २.५५ कोटी डॉलरना विकले. विक्रीचा पैसा फक्त नव्या खरेदीला किंवा कलाकृतींच्या प्रत्यक्ष निगेला वापरावा, असा अमेरिकेतल्या संग्रहालय-संचालकांच्या संघटनेचा दंडक आहे. तो संचालकांना बांधतो. कुलगुरूंना आणि विश्वस्तांना बांधत नाही. या पदाची खरी दुबळी जागा तीच.

वस्तू आली कुठून, हा प्रश्न अलीकडे खरेदीच्या आधी विचारला जातो. ॲशमोलियनने १९६७ मध्ये सदबीजच्या लिलावातून घेतलेली तिरुमंगै आळ्वार या वैष्णव संताची सोळाव्या शतकातली कांस्यमूर्ती तमिळनाडूतल्या एका मंदिरात १९५७ मध्ये टिपलेल्या छायाचित्रात दिसते, असे एका अभ्यासकाने दाखवून दिले. ते छायाचित्र पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातले. संग्रहालयाने २०१९ मध्ये आपण होऊन भारतीय उच्चायुक्तालयाला कळवले, आणि मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाच्या कौन्सिलने मूर्ती परत देण्याच्या बाजूने निर्णय घेतला. मागणी येईपर्यंत गप्प बसण्याची सोय होती, ती त्यांनी वापरली नाही.

भारतात या प्रकारातला पहिला मान कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाला (१९३७) देतात. देवप्रसाद घोष यांच्या हाताखाली बंगालच्या लोककलेला तिथे मूर्तिकलेच्या शेजारची जागा मिळाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला. महाराष्ट्रात मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या कामाचा जुना संचय आहे. २०२३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा आता त्या संचयाला स्वतंत्र अभिरक्षक, सूची आणि दालन मिळणे हे ओघानेच यायला हवे.

पण आपल्याकडचे सर्वांत देखणे उदाहरण काशीचे. राय कृष्णदास (१८९२–१९८०) यांनी १९२० मध्ये उभा केलेला आणि रवींद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली वाढलेला भारत कलाभवनाचा संग्रह १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाकडे आला. नेहरूंनी त्या वर्षी पायाभरणी केली; आजची इमारत १९६२ ची. हिंदीतले हे मोठे लेखक मानद संचालक म्हणून संग्रहाबरोबरच विद्यापीठात आले. लघुचित्रांवर त्यांचा विशेष जीव होता, आणि पुढे त्यांचे चिरंजीव आनंद कृष्ण यांनी त्याच विषयात अध्यापन आणि संशोधन केले. मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र मूळचे याच बनारसचे, त्यामुळे लघुचित्रांच्या अभ्यासात काशी आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. काशीयात्रेला जाणारे मराठी लोक घाट, विश्वनाथ आणि गंगाआरती करून परततात. विद्यापीठाच्या सुट्ट्या पाहून त्यांनी कलाभवनासाठी एक सकाळ राखून ठेवावी.